‘मी’ची गोष्ट कशी सांगावी?

टी.ई. (इलेक्ट्रॉनिक्स)

मित्र-मैत्रिणींनो, आधीच सांगून टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. घरी आमची कोळ्यांची बोली, शाळेत इंग्रजी, आणि पुस्तकी मराठी फक्त आठवड्यातून चार पिरियड! त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पदरात घ्या. पण ज्या विषयावर लिहिते आहे तो आपल्या सगळ्यांच्या उपयोगाचा आहे, अगदी प्लेसमेंटलासुद्धा.

गेल्या सेमिस्टरला आपल्या वर्गाचं मॉक इंटरव्ह्यूचं सेशन झालं. प्रत्येकाला एकच प्रश्न होता, ‘तुमचं आयुष्य बदलून टाकणारा एखादा अनुभव सांगा.’ तीन तास मी शेवटच्या बाकावर बसून उत्तरं ऐकली. कुणाला बारावीत कमी मार्क पडले होते, कुणाचा पाय मोडला होता, कुणाचे आजोबा गेले होते. प्रसंग वेगवेगळे, पण गोष्ट एकच! आधी सगळं छान होतं, मग संकट आलं, मी हिंमत हरलो नाही, आणि त्यातून मी ‘रेझिलियन्स’ शिकलो. टाळ्या. नेक्स्ट!

मीही तेच केलं. माझी गोष्ट तौक्ते वादळाची होती. १७ मे २०२१. पप्पा बोटीवर अडकले, वादळाशी झुंजले, उजव्या हाताची दोन बोटं गेली, पण जिवंत परत आले. ‘इट टॉट मी टू नेव्हर गिव्ह अप.’ मला दहापैकी साडेआठ मिळाले.

घरी येताना भाईंदर स्टेशनहून बस पकडली. मुर्धा, राई, मोर्वा, उत्तन करत बस चौकला पोचेपर्यंत एकच विचार डोक्यात घोळत होता. वादळाशी पप्पा झुंजले, मग ‘नेव्हर गिव्ह अप’ मी कुठून शिकले? मी त्या दिवशी काय केलं होतं? ते तर मी सांगितलंच नाही!

म्हणून हा लेख. आपला अनुभव खरेपणाने कसा सांगायचा, ह्याचा मी दिवाळीच्या सुट्टीत थोडा अभ्यास केला. सापडलेले पाच धडे इथे देते. उदाहरण म्हणून माझीच गोष्ट घेते, कारण दुसऱ्या कुणाची घ्यायचा मला हक्क नाही.

आधी कुणी कुणी सांगितलंय?

मला वाटायचं स्वतःबद्दल लिहिणं ही मोठ्या माणसांची कामं. नेते, नट, क्रिकेटर. पण मराठीतली नावाजलेली कितीतरी आत्मकथनं साध्या माणसांची आहेत.

पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे भिक्षुकी करणारे. घरावर कर्ज होतं, म्हणून दक्षिणा मिळवायला ते उत्तरेकडे निघाले आणि १८५७ च्या बंडात सापडले. झाशीला इंग्रजांचा वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. मिळवलेलं बरंचसं वाटेत लुटलं गेलं. ही हकिकत त्यांनी १८८३ च्या सुमारास लिहिली आणि ‘माझा प्रवास’ ह्या नावाने ती १९०७ मध्ये छापली गेली. रमाबाई रानड्यांना न्यायमूर्ती रानड्यांनी लग्नानंतर लिहा-वाचायला शिकवलं, आणि घरातल्या बायकांना ते मुळीच आवडलं नाही. त्यांच्या आठवणी १९१० मध्ये आल्या. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने निघाली. बाई कधी शाळेत गेल्या नव्हत्या! दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ चं. नरेंद्र जाधवांचं ‘आमचा बाप आन् आम्ही’ १९९३ चं. त्यांचे वडील मुंबईत गोदीत कामाला होते, शिक्षण जेमतेम. मुलाने मागे लागून त्यांना आठवणी लिहायला बसवलं.

आणि आमच्या चौकच्या समोरचंच उदाहरण. धारावी किल्ल्याच्या टेकडीवर, जिथे चिमाजी आप्पांचा पुतळा आहे, तिथे उभं राहिलं की खाडीपलीकडे वसईचा किल्ला दिसतो. १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी मार्चमध्ये आधी इकडची धारावी घेतली, मग मे महिन्यात वसई. त्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये ते गेले. त्यांच्या आत्मकथनाचं नाव आहे ‘नाही मी एकला’. हे नाव लक्षात ठेवा, शेवटच्या धड्यात लागणार आहे.

धडा पहिला : प्रसंग लहान घ्या, जागा मोठी द्या

आपल्याला वाटतं, आयुष्य बदलणारा अनुभव म्हणजे काहीतरी भव्य हवं. पण चौथ्या शतकाच्या अखेरीला संत ऑगस्टीनने आपली ‘कन्फेशन्स’ लिहिली, त्यात तो सोळा वर्षांचा असताना केलेल्या एका चोरीबद्दल पानंच्या पानं लिहितो. चोरी कसली, तर शेजारच्या झाडाची पेअर! भूक नव्हती, फळं काही फार चांगली नव्हती, बरीचशी डुकरांना टाकली. मग चोरली का? ह्या एका ‘का’मध्ये तो घुसतो आणि बाहेरच येत नाही.

माझ्या गोष्टीत मी वादळाला सगळी जागा दिली होती. वाऱ्याचा वेग, लाटांची उंची, तुटलेले पत्रे. पण वादळ माझं नव्हतंच. ते तर सगळ्या किनाऱ्याचं होतं. कुलाब्याला त्या दिवशी ताशी ११४ किलोमीटरचा वारा नोंदला गेला, आणि बॉम्बे हायजवळ पी-३०५ बार्ज बुडून कितीतरी माणसं गेली. त्यापुढे आमचं नुकसान लहानच.

माझा प्रसंग आदल्या रात्रीचा होता. १६ मे, रात्री साडेनऊ. घरात स्मार्टफोन एकच, तोही माझ्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला. म्हणून मच्छीमारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पप्पांच्या जागी माझा नंबर होता. पप्पांची शाळा चौथीत सुटली. हवामानाचे इशारे इंग्रजी पीडीएफमध्ये यायचे आणि ते वाचून त्यांना सांगायचं काम माझं. घरात मला गमतीने ‘मौसम ऑफिस’ म्हणायचे! त्या रात्री मेसेज आला. उद्या वारा लवकर वाढणार, नांगरलेल्या बोटीवर कुणीही थांबू नये. मी तो पाहिला. पण दहावीची परीक्षा रद्द झाली होती, मैत्रिणींच्या ग्रुपवर मार्क कसे देणार ह्यावर वाद रंगला होता. म्हटलं, सकाळी सांगू.

पप्पा पहाटे साडेचारला गेले. मी झोपले होते.

बस्स. माझी गोष्ट एवढीच आहे. बाकी सगळं वादळ.

धडा दुसरा : कर्ता शोधा

हा धडा मला व्याकरणातून मिळाला. आपण प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये काय लिहितो? ‘रीडिंग्ज वेअर टेकन.’ कुणी घेतली? (खरं तर मागच्या बॅचने!) पॅसिव्ह व्हॉइसची ही गंमत आहे, माणूस गायब होतो.

मला वाटायचं, ही फक्त इंग्रजीची सोय आहे. पण मराठीत तर त्याहून छान सोय आहे. ही वाक्यं बघा.

‘मेसेज सांगायचा राहून गेला.’
‘माझ्याकडून मेसेज सांगायचा राहिला.’
‘मी मेसेज सांगितला नाही.’

पहिल्या वाक्यात जणू मेसेजच कुठेतरी रेंगाळला. दुसऱ्यात मी आहे, पण दारामागे उभी. तिसऱ्यात मी समोर येऊन उभी राहते. आपल्या बोलण्यात ‘राहून गेलं’, ‘होऊन गेलं’, ‘बोललं गेलं’, ‘हातून निसटलं’ असे शब्द सारखे येतात. ते चुकीचे नाहीत. कधीकधी गोष्टी खरंच हातून निसटतात. पण जिथे आपण काहीतरी केलं किंवा केलं नाही, तिथे ही क्रियापदं वापरली की गोष्ट खोटी न होताही खोटी होते.

प्रयोग करा. आपला अनुभव लिहून काढा आणि प्रत्येक वाक्याखाली कर्त्याला रेघ मारा. सगळे कर्ते ‘परिस्थिती’, ‘नशीब’, ‘वेळ’, ‘सिस्टिम’ असतील तर समजा, गोष्ट अजून सुरू झालेली नाही. सगळीकडे ‘मी’, ‘मी’, ‘मी’ असेल तरी गडबड आहे. त्याबद्दल पुढे.

धडा तिसरा : दोन ‘मी’ वेगळे ठेवा

‘बलुतं’ची सुरुवात मला फार आवडली. दया पवारांचं खरं नाव दगडू मारुती पवार. पुस्तकात हा दगडू भेटतो आणि लेखक दया पवारला आपली कहाणी ऐकवतो. म्हणजे एकाच माणसाचे दोन भाग. एक भोगलेला, एक लिहिणारा.

सांगताना आपण हे दोघे मिसळून टाकतो. आज जे कळतं ते तेव्हाच कळलं होतं असं दाखवतो. मॉक इंटरव्ह्यूमध्ये मी म्हटलं होतं, ‘त्या क्षणी मला जबाबदारीची जाणीव झाली.’ साफ खोटं! त्या क्षणी मला फक्त भीती वाटत होती, तीही पप्पांच्या जिवाची नंतर आणि पकडले जाण्याची आधी. दुपारी जेट्टीकडून कुणीतरी धावत आलं आणि म्हणालं, नांगराचा दोर तुटला, बोट खडकाकडे चालली आहे. तेव्हा मी सगळ्यात आधी काय केलं असेल? फोन घेतला आणि तो मेसेज डिलीट केला. ग्रुपवर तो सगळ्यांकडे होता, तरी माझ्याकडून डिलीट केला. सोळा वर्षांच्या मुलीची अक्कल.

हे लिहिताना मला लाज वाटते. पण आजची शहाणी ‘मी’ तेव्हाच्या ‘मी’वर पांघरूण घालायला लागली तर वाचणाऱ्याला काय मिळणार? लक्ष्मीबाई टिळक ह्या बाबतीत गुरू आहेत. स्वतःची फजिती, स्वतःचा राग, स्वतःचं अडाणीपण त्या हसत हसत सांगतात, त्याला मोठेपणाचा मुलामा देत नाहीत. म्हणूनच नव्वद वर्षांनीही ती बाई आपल्या समोर बसून बोलते आहे असं वाटतं.

धडा चौथा : आठवण तपासून घ्या

आपण इंजिनीअर आहोत. मीटरचं कॅलिब्रेशन न करता रीडिंग घेतलं तर सर जर्नल फेकून देतात. आठवणीचं कॅलिब्रेशन कोण करतं?

मी चार वर्षं सांगत आले की पप्पांना खडकावरून आणलं तेव्हा मिट्ट काळोख होता आणि चर्चची घंटा वाजत होती. लेख लिहिताना चुलतभावाला विचारलं. त्याने फोनमधला जुना फोटो काढून दाखवला. बोट खडकाला लागलेली, चार माणसं पप्पांना धरून आणतायत, वेळ दुपारी तीन वाजून वीस मिनिटं. आभाळ काळवंडलेलं, पण काळोख नाही. आणि घंटा? वाऱ्याचा आवाज एवढा होता की शेजारी उभ्या माणसाचं ऐकू येत नव्हतं, घंटा कुठली ऐकू येणार! मग ती माझ्या डोक्यात आली कुठून? बहुतेक एखाद्या सिनेमातून.

ह्याचा अर्थ मी खोटारडी आहे असा नाही. आठवण ही फाइल नसते, प्रत्येक वेळी उघडली की ती थोडी बदलून सेव्ह होते. म्हणून तारीख, वेळ, हवामान, कोण कोण होतं एवढं तरी दुसऱ्या कुणाकडून तपासावं. जे तपासता येत नाही तिथे ‘मला असं आठवतं’ म्हणावं. त्याने गोष्टीचा जोर कमी होत नाही, उलट बाकीच्या गोष्टीवर विश्वास बसतो.

धडा पाचवा : गोष्ट एकट्याची नसते

आता सगळ्यात अवघड भाग. हा लेख छापायला द्यायचा तर पप्पांना विचारायला हवं होतं, कारण दोन बोटं त्यांची गेली, माझी नाही. आणि विचारायचं तर मेसेजचं सांगायला हवं होतं. चार वर्षं मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी पप्पा अंगणात जाळं दुरुस्त करत बसले होते. बाजूच्या वलांडीवर बोंबील सुकत होते. उजव्या हाताला आता अंगठा आणि दोनच बोटं, तरी सुई भराभर चालते. मी बाजूला बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मेसेज, मैत्रिणींचा ग्रुप, डिलीट केलं ते, सगळं.

पप्पांची सुई थांबली नाही. थोड्या वेळाने ते बोलले. आमच्या बोलीत बोलले, मी साध्या मराठीत लिहिते.

‘बाय, मला माहीत होतं. आदल्या संध्याकाळीच बंदरावर सगळे तेच बोलत होते.’

‘मग गेलात का?’

‘दोर जुना झाला होता. मार्चमध्येच बदलायचा होता. मी म्हटलं, सीझन संपू दे, मग बघू. वादळ येतंय म्हटल्यावर झोप कुठची? तो दोर धरणार नाही हे मला एकट्याला माहीत होतं. म्हणून दुसरा बांधायला गेलो. एक बांधला. मग वाटलं, अजून एक बांधू. तेवढ्यात वारा आला.’

मग म्हणाले, ‘मला वाटायचं, तू माझ्यावर रागावलीस. दोर बदलला असता तर बोट राहिली असती. वादळापासून तू माझ्याशी धड बोलत नव्हतीस.’

मित्रांनो, चार वर्षं! एका घरात, एका ताटलीतला सुका बोंबील खाणारी दोन माणसं, आणि दोघांनाही वाटत होतं की चूक आपली. त्यांनी ‘सीझन संपल्यावर’ म्हटलं होतं, मी ‘सकाळी’ म्हटलं होतं. मी गप्प होते कारण मला अपराधी वाटत होतं. त्यांना ते माझं रागावणं वाटलं. ते गप्प राहिले, आणि मला वाटलं त्यांना सगळं कळलं आहे.

म्हणजे धडा दोनमध्ये मी मोठ्या ऐटीत ‘कर्ता शोधा’ म्हटलं, आणि सापडलेला कर्ता अर्धाच होता! आधी मी गोष्टीतून स्वतःला वगळलं होतं. नंतर एवढी आत घुसले की पप्पांना जागाच उरली नाही. सगळा दोष स्वतःवर घेणं हाही एक प्रकारचा ‘मी’पणाच आहे. ह्याचा अर्थ माझी चूक पुसली गेली असा नाही. मेसेज मी सांगितला नाही, हे वाक्य तसंच राहतं. फक्त त्याच्या शेजारी आणखी वाक्यं आली.

‘छापू का?’ मी विचारलं.

‘दोराचं पण लिही,’ पप्पा म्हणाले. ‘पोरं वाचतील तर दोर तरी वेळेवर बदलतील.’

मग इंटरव्ह्यूमध्ये काय सांगायचं?

तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक आहे, पण एच.आर.समोर दोन मिनिटांत एवढं कसं सांगणार? आणि मेसेज डिलीट केला म्हटलं तर नोकरी कोण देणार?

प्रश्न बरोबर आहे. प्रत्येक ठिकाणी सगळं सांगायलाच हवं असं नाही. आपली जखम कुठे उघडायची हे आपण ठरवायचं. ज्याला सांगायचं नसेल त्याने दुसरा, साधा अनुभव निवडावा. पण जो निवडाल तो खरा सांगा. उत्तरं लिहायची ‘स्टार’ पद्धत आपल्याला शिकवतात. आधी परिस्थिती, मग काम, मग कृती, शेवटी निकाल. पद्धत चांगली आहे, फक्त ‘कृती’च्या जागी खरोखरची कृती लिहा आणि ‘निकाल’च्या जागी सुविचार लिहू नका. ‘मी रेझिलियन्स शिकले’ ह्यापेक्षा ‘आता आलेला इशारा मी त्याच मिनिटाला वाचून सांगते, आणि ऐकणाऱ्याने ऐकला का हेही विचारते’ हे वाक्य साधं आहे, पण ते माझं आहे. तपासूनही बघता येईल!

गृहपाठ

१. आपला एक अनुभव एका पानात लिहा. ‘मी शिकलो’, ‘मला जाणीव झाली’ हे शब्द न वापरता.
२. प्रत्येक वाक्यातल्या कर्त्याला रेघ मारा.
३. त्या प्रसंगात हजर असलेल्या एका माणसाला विचारा, ‘तुला काय आठवतं?’ मध्ये बोलू नका.
४. त्याचं ऐकून पान परत लिहा.
५. दोन्ही पानं जपून ठेवा. फरक कुठे पडला ते बघा.

तिसरा नंबर टाळू नका. मला तो करायला चार वर्षं लागली, आणि जाळ्याची चार-पाच घरं विणून होईपर्यंत तो झालासुद्धा.

आमची बोट दुरुस्त झाली. ऑगस्टमध्ये बंदी उठली की पप्पा तिच्यावर जातात. ह्या वर्षी नांगराचा दोर नवा घेतला, मेमध्येच. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अजून माझाच नंबर आहे.